ऐकणाऱ्यांचे मंडळ : रविकिरण मंडळाच्या काव्यव्यवहाराचा पुनर्विचार

मराठी कवितेच्या इतिहासात रविकिरण मंडळाला मिळालेले स्थान मोठे चमत्कारिक आहे. मंडळाचा उल्लेख टाळून १९२० ते १९४० या कालखंडाचा इतिहास लिहिता येत नाही. परंतु तो उल्लेख झाला की समीक्षक त्याविषयी फारसे बोलण्यास उत्सुक नसतात. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या टिपणांत मंडळाची ओळख साधारणपणे एका परिच्छेदात आटोपते. प्रेमविषयक कवितेचे प्राबल्य, सुनीत, गज्जल व खंडकाव्य या प्रकारांचा पुरस्कार, तंत्राविषयीचा अतिरिक्त जिव्हाळा, काव्यगायनाची लोकप्रियता, आणि शेवटी मर्ढेकरांच्या आगमनाने ओसरलेले युग, असा हा परिच्छेद असतो. त्यात चुकीचे असे फारसे काही नाही. मात्र मंडळ हे मंडळ होते, म्हणजे काही माणसे ठरावीक दिवशी एका खोलीत एकत्र बसत होती आणि एकमेकांची कविता ऐकत होती, ही साधी वस्तुस्थिती या परिच्छेदात चरित्रात्मक तपशील म्हणून येते व तेथेच राहते. तिचा कवितेशी काही संबंध असू शकेल, ही शक्यता विचारात घेतली जात नाही.

याची कारणे उघड आहेत. एकीकडे स्वच्छंदतावादाकडून आलेली एकाकी प्रतिभावंताची कल्पना आपल्या समीक्षेत अजून मुरलेली आहे. कवी एकटा असतो, निर्मिती एकांतात होते आणि मैत्री ही निर्मितीच्या बाहेरची गोष्ट होय, असे गृहीत धरले जाते. दुसरीकडे संहितेला स्वायत्त मानणाऱ्या समीक्षेने कवीच्या चरित्राबरोबर त्याच्या सहवासालाही बाद ठरवले. या दोन भूमिका एरवी परस्परविरोधी असल्या तरी कविमंडळाच्या बाबतीत त्यांचे एकमत होते. उरतो तो आठवणींचा गोड मामला. मंडळातील मंडळींच्या आत्मपर लेखनात, उदाहरणार्थ वि. द. घाटे यांच्या 'दिवस असे होते' (१९६१) सारख्या पुस्तकात, तो काळ जिवंत होतो. पण समीक्षकाला अशा लेखनाचा उपयोग कसा करावा हे कळत नाही आणि तो त्यातील एखादा किस्सा उचलून पुढे जातो.

मंडळाची स्थापना १९२३ मध्ये पुण्यात झाली. या सालाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. केशवसुत १९०५ मध्येच गेले होते. बालकवी १९१८ मध्ये, आणि गोविंदाग्रज व रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये निवर्तले. म्हणजे अवघ्या दोन वर्षांच्या आत आधुनिक मराठी कवितेतील तीन मोठे आवाज थांबले. मागे राहिलेल्या पिढीपुढे अनुकरणासाठी कविता भरपूर होती; तिला दाद देणारे किंवा फटकारणारे ज्येष्ठ कवी मात्र जवळ नव्हते. तांबे होते, पण ते ग्वाल्हेरला. तोपर्यंत मराठी कवी एकमेकांना भेटत ते प्रामुख्याने छापील पानावर. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ पासून चालविलेले 'काव्यरत्नावली' मासिक हे अशा भेटीचे महत्त्वाचे ठिकाण होते. गावोगावी विखुरलेले कवी तेथे शेजारी शेजारी छापले जात. पण पानावरचा शेजार आणि खोलीतला शेजार यांत अंतर आहे. पानावरच्या शेजाऱ्याला मध्येच थांबवून 'येथे एक मात्रा कमी पडते' असे सांगता येत नाही.

श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, ग. त्र्यं. माडखोलकर, दिवाकर आणि वि. द. घाटे ही ती आठ माणसे. रविवारी जमावे, चहा घ्यावा, नवी कविता वाचावी आणि ऐकावी, असा त्यांचा क्रम होता. मंडळाच्या नावाची कथा सांगताना 'सन-टी क्लब' या थट्टेच्या नावाचा उल्लेख हमखास होतो. या थट्टेमागे एक गंभीर सूचना आहे. या मंडळाचा प्रारंभ कोणत्याही जाहीरनाम्याने झालेला नाही. १९५० च्या दशकात 'शब्द' आणि १९६० च्या दशकात 'असो', 'वाचा' अशी अनियतकालिके काढणाऱ्या लेखकांजवळ नकाराचा एक स्पष्ट विषय होता. त्यांचे एकत्र येणे कशाच्या तरी विरोधात होते. रविकिरण मंडळाजवळ असा शत्रू नव्हता. होती ती एक वेळ, एक जागा आणि एक सवय. वाङ्मयीन चळवळीची व्याख्या जाहीरनाम्यावरून करणाऱ्या अभ्यासकाला त्यामुळे हे मंडळ पोकळ वाटते. येथे मतांपेक्षा सवयीने अधिक काम केले, ही शक्यता त्याच्या चौकटीत बसत नाही.

त्या सवयीचा पहिला परिणाम कवितेच्या कानावर झाला. मंडळातील कविता आधी ऐकली जाई आणि मग छापली जाई. मोठ्याने वाचलेल्या कवितेला ताबडतोब परीक्षा द्यावी लागते. डोळ्याने वाचताना लपून जाणारे अडखळणे ऐकताना लपत नाही. ओढूनताणून ऱ्हस्व केलेला स्वर, यतीच्या ठिकाणी तुटलेला शब्द, यमकासाठी उलटलेला अन्वय हे सारे श्रोत्यांच्या चेहऱ्यावर उमटते. मंडळाच्या कवितेतील सफाईला 'तंत्रशरणता' असे नाव देऊन तिची बोळवण करण्याची पद्धत आहे. मात्र तिचा उगम एखाद्या सिद्धान्तात शोधण्यापेक्षा सात जाणत्या माणसांसमोर दर आठवड्याला अडखळू नये, या अगदी मानवी इच्छेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

माधव ज्यूलियन यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याची पहिली आवृत्ती १९२७ मध्ये आणि विस्तारलेली दुसरी आवृत्ती १९३७ मध्ये निघाली. या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना १९३८ मध्ये डी. लिट. ही पदवी दिली. आज तो संदर्भग्रंथ म्हणून ग्रंथालयात असतो आणि विद्यार्थी त्याला वृत्तांचा कोश समजतात. परंतु त्यातील मूळ भूमिका कोशकाराची नाही. पद्याचे वृत्त, जाती आणि छंद असे जे विभाजन तेथे आढळते त्याचा पाया उच्चार हा आहे. ओवी-अभंगांसारख्या छंदोबद्ध रचनेत प्रत्येक अक्षर, लेखनात ते ऱ्हस्व असो वा दीर्घ, गुरूप्रमाणे उच्चारले जाते, हे निरीक्षण लिखित अक्षराकडे पाहून सुचणारे नव्हे. त्यासाठी ओवी कोणाच्या तरी तोंडून ऐकलेली असावी लागते. मात्रांच्या आवर्तनांवर उभारलेली जातींची वर्गवारी, आठ मात्रांची पद्मावर्तनी व सहा मात्रांची भृंगावर्तनी अशी नावे, ओळीच्या शेवटी घेतलेल्या विरामाचाही हिशेब मांडण्याची दक्षता, या साऱ्यांतून म्हटल्या जाणाऱ्या कवितेचे शास्त्र सिद्ध होते. फारसीच्या या प्राध्यापकाने गज्जलेची वृत्ते मराठीत आणली तीही अशीच, कानाने पारखून. एका विद्वानाच्या टेबलावर तयार झालेले हे काम आहे, यात शंका नाही, श्रेय त्यांचेच. परंतु या शास्त्राला लागणारा अनुभव, म्हणजे भिन्न गळ्यांतून एकच वृत्त कसे वेगळे निघते याचा अनुभव, एकट्याला मिळणारा नव्हता. यशवंत आणि गिरीश हे तर काव्यगायनासाठीच प्रसिद्ध होते. असे दोन गायक कवी मित्रमंडळींत असणे हे छंदःशास्त्रज्ञाचे भाग्य म्हटले पाहिजे.

(छंदःशास्त्राच्या अध्यापनात आज 'लघु-गुरू'च्या खुणा फळ्यावर मांडून वृत्त ओळखण्यास सांगितले जाते. विद्यार्थी गण पाडतो, वृत्ताचे नाव लिहितो, गुण मिळवतो आणि ते वृत्त त्याने आयुष्यात एकदाही म्हटलेले नसते. 'छंदोरचने'चा याहून मोठा पराभव दुसरा नसेल.)

ऐकण्याच्या या संस्कृतीत दिवाकरांचे स्थान कोणते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कविमंडळात एक गद्यलेखक कसा, याचे उत्तर 'स्नेहामुळे' असे देऊन विषय संपवला जातो. ते उत्तर खरेही असेल. तथापि नाट्यछटा या प्रकाराच्या घडणीकडे पाहिले म्हणजे स्नेहाहून जवळचा दुवा दिसू लागतो. नाट्यछटेत एक व्यक्ती बोलते. समोर कोणीतरी असते, पण त्याचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही, ते बोलणाऱ्याच्या प्रतिसादांवरून ताडावे लागते. म्हणजे मूक श्रोता हा नाट्यछटेचा घटकच आहे. दिवाकरांनी हा प्रकार १९११ पासून, म्हणजे मंडळाच्या कितीतरी आधी हाताळला, ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांच्या वाचनातून त्यांना त्याची दिशा सापडली. तेव्हा मंडळाने दिवाकरांना घडवले असे म्हणण्यास जागा नाही. उलट बाजूने मात्र काही म्हणता येते. बोलणाऱ्याचा सूर आणि त्याचा ढोंगीपणा एका वाक्यात पकडणारा लेखक श्रोत्यांत बसलेला असताना भावनेचा सूर चढवून कविता म्हणणे सोपे गेले नसेल. मंडळातील कवितेवर या उपस्थितीचा पुरेसा परिणाम झाला नाही, अशी तक्रार करता येईल, आणि ती रास्त होईल.

कारण सहवासाचे तोटेही त्याच खोलीतून आले. जी कविता एका बैठकीत, एका श्रवणात दाद मिळवण्यासाठी लिहिली जाते, तिला एका श्रवणात कळावे लागते. दुसऱ्या, तिसऱ्या वाचनाला राखून ठेवलेले असे तिच्यात थोडे उरते. मंडळाच्या पुष्कळ सुनीतांत शेवटच्या दोन ओळींवर जो भार येतो तो या दृष्टीने तपासून पाहावा: तेथे विचाराची परिणती होते की टाळीची जागा तयार होते? प्रत्येक वेळी उत्तर सारखे येणार नाही, परंतु प्रश्न टाळता येत नाही. यशवंत-गिरीशांच्या गायनातून हीच बैठक सभागृहात गेली. खोलीतल्या सात जाणकारांऐवजी समोर शेकडो श्रोते आले; कान बदलला, पण रचनेची सवय तीच राहिली. जाणकार मित्र चूक दाखवतो, सभा फक्त दाद देते. काव्यगायनाने मराठी कविता घराघरांत पोहोचवली हे जितके खरे, तितकेच तिने कवीला सुधारणाऱ्या श्रोत्यापासून दूर नेले हेही खरे.

मैत्रीची दुसरी मर्यादा म्हणजे परस्परस्तुती. मित्राच्या कवितेवर मित्राने प्रस्तावना लिहावी, हा आपल्याकडील जुना शिष्टाचार. तो केवळ या मंडळाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण बाहेरच्या नजरेची गरज मंडळाला होती, आणि ती केशवकुमारांनी भागवली. प्र. के. अत्रे यांची 'झेंडूची फुले' १९२५ मध्ये, म्हणजे मंडळ जेमतेम दोन वर्षांचे असताना प्रसिद्ध झाली. हे पुस्तक रविकिरण मंडळाचा पाडाव करणारे मानले जाते. ही समजूत जरा तपासून घेण्याजोगी आहे. विडंबन यशस्वी होण्यासाठी मूळ कवितेची चाल वाचकाच्या कानात आधीपासून असावी लागते. ती नसेल तर हसू येत नाही. अत्र्यांच्या वाचकाला मंडळाच्या कवितेचा सूर, तिचे फारसी शब्द, तिचे उसासे इतक्या थोड्या अवधीत ओळखीचे झाले होते, याचा पुरावाच 'झेंडूची फुले' देतात. शिवाय विडंबनकाराने वृत्ते निर्दोष हाताळली आहेत. ज्या सफाईची तो थट्टा करतो तिच्यावरच त्याचे हसू उभे आहे. मंडळाला मिळालेला सर्वांत सावध श्रोता बहुधा मंडळाबाहेरचा होता.

एकत्र बसण्याच्या खुणा पुस्तकांच्या नावांतही आहेत. 'किरण' (१९२३) हा मंडळाचा पहिला संयुक्त संग्रह; त्यानंतर 'उषा', 'शलाका', 'प्रभा' हे संग्रह आले. घाटे आणि माधव ज्यूलियन यांच्या कविता 'मधु-माधव' (१९२४) या जोडनावाखाली निघाल्या, तर रानडे दांपत्याच्या 'श्री-मनोरमा' (१९२७) या नावाखाली. मालकी सांगणाऱ्या नावाच्या ऐवजी सोबत सांगणारे नाव देणे ही त्या काळातही सामान्य गोष्ट नव्हती. खंडकाव्याच्या बाबतीत हे सोबत चालणे थोडे स्पर्धेसारखे दिसते. गिरीशांचे 'अभागी कमल' १९२३ चे. माधव ज्यूलियन यांचे 'विरहतरंग' १९२६ चे आणि त्याच वर्षीचे गिरीशांचे 'कला'. मग १९२८ मध्ये एकीकडे 'सुधारक', दुसरीकडे 'आंबराई'. पुढे १९३२ मध्ये यशवंतांची 'बंदीशाळा'. ही सालांची रांग पाहिली म्हणजे खंडकाव्याची लाट एखाद्या अमूर्त 'युगप्रवृत्ती'तून आली, हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. मित्राने एक दीर्घ रचना तडीस नेलेली पाहणे, हे दुसऱ्याने ती हाती घेण्याचे पुरेसे कारण असू शकते. आणि विषय मात्र प्रत्येकाने आपापला घेतला: महाविद्यालयीन तरुणाईचे प्रेम, सुधारकाचा उपहास, खेड्यातील जीवन, बालगुन्हेगाराचे दुःख. प्रकार समान आणि आशय भिन्न, हे चित्र 'मंडळ' या एका शब्दाखाली सर्वांना सारखे रंगवणाऱ्या इतिहासाला छेद देणारे आहे.

सारखे रंगवण्याचा सर्वांत मोठा फटका मनोरमाबाईंना बसला. सात पुरुष आणि एक स्त्री या रचनेला सप्तर्षी व अरुंधती ही उपमा देण्यात आली, आणि ती इतकी चपखल वाटली की पुढे मनोरमाबाईंविषयी दुसरे काही सांगण्याची गरज कोणाला भासली नाही. उपमा देणाऱ्यांच्या मनात आदरच होता. तथापि अरुंधती कोण? वसिष्ठाची पत्नी. विवाहविधीत वधूवरांना ती दाखवण्याची प्रथा आहे. ती मंद असते, शोधावी लागते, आणि सापडली की नजर लगेच काढून घेतली जाते. मनोरमाबाईंच्या कवितेशी मराठी समीक्षेने नेमके हेच केले. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले. पतीसमवेतचा संग्रह त्यानंतर आला. म्हणजे जोडनावाच्या त्या पुस्तकात एक आवाज कायमचा थांबलेला होता. 'श्री-मनोरमा' या शीर्षकातील सोबत एका वाचकाला दांपत्यप्रेमाची खूण वाटेल, दुसऱ्याला स्वतंत्र नाव न मिळाल्याची. दोन्ही वाचने टिकतात. पण त्यासाठी आधी त्या कविता वेगळ्या काढून वाचल्या पाहिजेत, आणि पुरुषांच्या त्या बैठकीत एकट्या स्त्रीने आपली कविता म्हणून दाखवताना काय उच्चारता येत होते व काय गिळावे लागत होते, हा प्रश्न त्यांना विचारला पाहिजे. त्या खोलीच्या आणखीही भिंती होत्या. पुण्यातील सुशिक्षित, पांढरपेशा, बहुतांशी अध्यापन करणाऱ्या मंडळींचा तो गोतावळा होता. रविवारची सुटी आणि हातात कपबशी ही त्याची सामाजिक खूण. खंडकाव्यांतून खेडे आणि तुरुंग आले खरे, पण ते ऐकणारे खेड्यातले वा तुरुंगातले नव्हते.

मंडळाचे सभासद पुढे पांगले. माडखोलकर नागपूरच्या पत्रसृष्टीत गेले आणि कवितेपेक्षा कादंबरी व टीकेत रमले. माधव ज्यूलियन १९२८ पासून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात होते. दिवाकर १९३१ मध्ये वारले. एका खोलीतील सवय पत्रव्यवहारावर जगत नाही. या पांगापांगीचा कवितेवर काय परिणाम झाला, हे पाहण्यासाठी माधव ज्यूलियन यांच्याइतके बोलके उदाहरण नाही. 'फार्शी-मराठी कोश' (१९२५) रचणारा आणि आपल्या प्रेमकवितेत फारसी शब्दांची मुक्त उधळण करणारा हा कवी उत्तरकाळात भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता झाला. 'भाषाशुद्धि-विवेक' हे त्याचे पुस्तक १९३८ चे. इतकेच करून तो थांबला नाही. आपल्या जुन्या रचना नव्या आवृत्तींसाठी हाती घेऊन त्याने त्यांतील फारसी-अरबी शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत वा देशी शब्द बसवले.

या बदलाचे स्पष्टीकरण एरवी विचारप्रणालीतून दिले जाते, आणि सावरकरांच्या चळवळीचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. परंतु पाठभेद शेजारी ठेवून वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट जाणवावी. शब्द बदलताना मात्रा सांभाळल्या आहेत, वृत्त कोठे मोडू दिलेले नाही. छंदःशास्त्रज्ञ पूर्ण जागा आहे. हरवले आहे ते बोलण्याचे वळण. पहिल्या पाठात कोणाला तरी उद्देशून, थोड्या लाडिक, थोड्या फुशारकीच्या सुरात म्हटलेली ओळ दुसऱ्या पाठात शुद्ध होते आणि कोणाशीच बोलत नाही. ज्या श्रोत्यांसाठी तो फारसी शब्द मुद्दाम योजला होता, ज्यांच्या ओठांवर त्याने हसू येणार होते, ते आता समोर नव्हते. मंडळाच्या कवींच्या चिकित्सक आवृत्ती मराठीत जवळजवळ नाहीत. 'विरहतरंगा'ची पहिली आणि सुधारलेली आवृत्ती ओळीला ओळ लावून कोणी तपासली, तर रविवारची ती खोली कवितेत नेमकी कोठे होती, हे शब्दाशब्दावर बोट ठेवून दाखवता येईल.